बंगारद कोळी

पहाटे फिरायला जाणं मला कधीच आवडलं नाही. आळंदच्या वैद्यानं माझ्या पोटावर बोटं वाजवून सांगितलं होतं, अंकुशराव, रोज कोसभर चाला, नाहीतर पन्नाशी बघणार नाही. म्हणून मी चालायचो. आमच्या होनळगीत चालण्याजोगी वाट एकच, वेशीतून हळ्ळाकडे जाणारी. ओढ्याला आमच्याकडे मराठी काय, कानडी काय, सगळेच हळ्ळ म्हणतात. त्या वाटेच्या दोन्ही अंगांना सकाळी अर्धं गाव तांब्या घेऊन बसलेलं असायचं. उपरण्याचा सोगा नाकाला लावायचा, नजर बाभळींच्या शेंड्यांवर ठेवायची आणि पाय उचलायचे. त्यातच एखादा बसल्या जागेवरून रामराम घालायचा. त्याला उत्तर द्यावं की नाही, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

सोबतीला सिद्धलिंगप्पा असायचा. त्याचं वेशीजवळ किराणा दुकान. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, सरकारी माणसाशी उर्दू, हे आमच्या भागात कुणाचंही असतं तसं त्याचंही होतं. कपाळभर भस्म, गळ्यात लिंग, समोर कुणी अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरून येणारा माणूस. आम्ही दोघं मित्र होतो असं म्हणवत नाही. पण त्या वाटेनं एकट्यानं चालण्यापेक्षा सोबत बरी.

एकोणीसशे एकोणपन्नासचा जानेवारी होता. पोलीस ॲक्शनला चार महिने झाले होते. निजामाचा अंमल गेला होता, लष्करी अंमल आला होता आणि आमच्या गावची देवडी रिकामी पडली होती. देवडी म्हणजे जहागीरदाराचं राहतं घर. या जहागीरदाराला पाखरांचा नाद होता. बागेत जाळ्यांच्या खोल्या बांधून त्यानं कुठल्याकुठल्या मुलखांतली पाखरं आणून ठेवली होती. सप्टेंबरात फौजा आल्या, तसा तो बायका-मुलांना घेऊन हैदराबादला निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी गाव देवडीत शिरलं.

पुढचे तीन दिवस गावानं पाखरं खाल्ली. ज्यांना उभ्या जन्मात कधी मटण परवडलं नव्हतं त्यांनी खाल्ली, आणि ज्यांच्या दावणीला दोन-दोन म्हशी होत्या त्यांनीही खाल्ली. माणसं कपाटं, पलंग, दारांच्या चौकटीसुद्धा उचलून नेत होती. मी पहिल्या दिवशी गेलो नाही. मी तिसऱ्या दिवशी गेलो, आणि त्यामुळे बराच काळ स्वतःला सभ्य समजत होतो. तिसऱ्या दिवशी फार काही उरलं नव्हतं. लाल मखमलीची एक खुर्ची होती, तिचा एक पाय डुगडुगत होता. मी ती गाडीत घातली, वर कडबा पसरला आणि घरी आणली. सिद्धलिंगप्पा माझ्या आधी जाऊन आला होता. त्याला पाखरांचा एक पिंजरा मिळाला होता, पितळी जाळीचा, कमरेइतका उंच. त्याच्या घरी त्यात दूध-तूप ठेवायचे, मांजर शिरू नये म्हणून.

महिन्याभरानं गावात पोलीस चौकी बसली. दवंडी पिटली, देवडीचा माल ज्याच्या घरी असेल त्यानं आठ दिवसांत आणून टाकावा. लोकांनी फुटक्या सुरया आणि मोडके चमचे आणून टाकले. अमीनसाहेबांना, म्हणजे चौकीच्या साहेबाला, खरा शोध होता सोन्याचा. जहागीरदारणीचे दागिने देवडीत राहिले होते, असा अर्ज हैदराबादहून आला होता. ते काही सापडत नव्हते.

तर त्या जानेवारीतली ती सकाळ. तांबडं फुटलं होतं. हळ्ळाच्या अलीकडे, जिथे वाटेवर सगळ्यात जास्त घाण असते, तिथे निवडुंगाच्या आडून काहीतरी सरकलं. मला आधी वाटलं, कुणाचातरी जरीचा पदर काट्यात अडकलाय. मग ते चालायला लागलं.

पाखरू होतं. कोंबड्याएवढंच, पण शेपूट हातभर लांब, तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची. डोक्यावर सोनेरी केसांचा तुरा मागे पडलेला. पाठही सोनेरी, पोट पिकल्या मिरचीच्या रंगाचं, आणि मानेभोवती केशरी झालर, तिच्यावर काळ्या रेघा. ते मान वळवी तशी ती झालर पंख्यासारखी उलगडायची. असं पाखरू मी चित्रातही पाहिलं नव्हतं. पुढे खूप वर्षांनी गुलबर्ग्याला एका पुस्तकात त्याचं चित्र दिसलं तेव्हा कळलं, ते चीन देशातलं, तिथले लोक ते शोभेसाठी पाळतात.

एवढं सगळं अंगावर घेऊन ते काय करत होतं? गावाची घाण उकरत होतं. एक पाय, मग दुसरा पाय, मग मान खाली घालून आतले किडे टिपत होतं. झालरीच्या कडेला शेण का काय ते लागलं होतं. मला शिसारी आली. तोंडाला पाणी सुटून ते आंबट झालं. आणि तरी माझी नजर तिथून हलेना, याचा मला आणखी राग आला.

सिद्धलिंगप्पानं माझा दंड धरला. "बंगारद कोळी," तो पुटपुटला.

बंगार म्हणजे सोनं आणि कानडीत कोळी म्हणजे कोंबडी. सोन्याची कोंबडी. याहून नेमकं नाव मलाही सुचलं नसतं.

पाखरानं आमच्याकडे पाहिलं. पळालं नाही. उलट दोन पावलं आमच्याच दिशेनं आलं आणि थांबलं, कुणीतरी काहीतरी देईल अशी वाट बघत. पाळलेलं दिसतंय, मी म्हणालो. होनळगीत पाखरं पाळणारा एकच होता. सिद्धलिंगप्पाला त्याचा पिंजरा आठवला असणार, मला माझी खुर्ची आठवली. परतताना आमचं ठरलं, कुणाला काही सांगायचं नाही. बिनकामाची चौकशी कशाला लावून घ्या.

सिद्धलिंगप्पाच्या पोटात ते वेशीपर्यंतच टिकलं. दुकानाची पायरी चढता चढता त्यानं आत बायकोला, चंद्रम्माला, आनंदानं ओरडून सांगितलं, हळ्ळदाग बंगारद कोळी नोडिद्वि. म्हणजे ओढ्यात सोन्याची कोंबडी बघितली. दुकानासमोर चौकीतला एक जवान तंबाखू मळत उभा होता. तो नगरकडचा. तीन महिन्यांत तो कानडीचे दहा-बारा शब्द शिकला होता आणि त्यांचा त्याला फार अभिमान होता. हळ्ळ त्याला कळलं. बंगार तर पोलिसाला सगळ्यात आधी कळतं. नोडिद्वि कळलं. आणि कोळी हा शब्द त्याला कुणी शिकवायची गरजच नव्हती, तो त्याच्या मराठीतलाच होता. ओढ्यात सोनं घेतलेला कोळी बघितला. जवान तंबाखू तशीच फेकून चौकीकडे पळत गेला.

हळ्ळाच्या काठी कोळ्याचं घर एकच होतं, भीमण्णाचं. आधी तो देवडीत बागेला पाणी घालायचा, पाखरांचं दाणापाणी बघायचा. देवडी बसली तशी त्याची नोकरीही बसली. मग हळ्ळाच्या वाळूत तो कलिंगडं लावायचा, मासे धरायचा, बायको निलम्मा ते आठवड्याच्या बाजाराला न्यायची. गरीब, कमी बोलणारा माणूस. वाटेत दिसला की उभा राहून म्हणायचा, "कुटं निगालाव, अण्णा?" उत्तराची वाट न बघता कामाला लागायचा. अमीनसाहेबांनी त्याला सकाळी नवाच्या सुमाराला झोपडीतून उचललं.

सिद्धलिंगप्पा माझ्याकडे मागच्या दारानं आला तेव्हा त्याच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं.

"घोटाळा झाला की अण्णा. त्यानं कोंबडी ऐकलीच न्हाई. कोळी ऐकला."

मला हसू आलं. खरं सांगायचं तर मी पोट धरून हसलो. मग म्हणालो, जाऊन सांग ना त्यांना, पाखराचं बोलत होतो म्हणून.

"अन् पाखरू कुटलं म्हणून इचारलं तर? पाखरू म्हटलं की पिंजरा आलाच." तो माझ्या खुर्चीकडे न बघता बोलत होता, पण बघत नाही हे दाखवून बघत होता. "तुमी सांगा की. तुमी मोठी माणसं."

मी म्हणालो, बघू. आमच्या गावात बघू म्हणजे नाही. तेवढं सगळ्यांना कळतं.

दुपारपर्यंत बातम्या येत राहिल्या. झोपडीतली जमीन खणली, काही निघालं नाही. भीमण्णाच्या तळव्यांवर छड्या मारल्या. पाठीवर मारल्या. तो काहीच बोलत नाही. ओसरीवर येऊन सांगणाऱ्याच्या आवाजात कुठेतरी समाधान असायचं, आपल्या घरी कुणी आलं नाही याचं. देवडीचा पलंग ज्याच्या घरात होता तोच मला सांगत होता की या कोळ्यांचं काही खरं नसतं. मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. मी थुंकलो नाही. मी मान डोलावली. दुपारी जेवलो. हे मुद्दाम लिहितो. दोन भाकरी खाल्ल्या, वर ताक प्यालो आणि खुर्चीत पडून डुलकीही काढली.

चारच्या सुमाराला निलम्मा आली. ती ओसरीच्या खाली उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, तुमचं अमीनसाहेबाजवळ चालतं, एक शब्द टाका. आमच्या घरात सोन्याचा मणीसुद्धा न्हाई, हे मंगळसूत्रसुद्धा पोतीचं हाय. मी म्हणालो, कायद्याचं काम आहे, आपण काय करणार. बोलताना मी खुर्चीत अंग चोरून घेतलं, जणू बारीक झालो तर खुर्ची दिसणार नाही. उलटं झालं, मखमल जास्तच दिसायला लागली.

निलम्माची नजर तिच्यावर पडली. ती रागावली नाही. तिनं अगदी साधेपणानं म्हटलं, "बाईसाब ह्यावर बसून केस इंचरायच्या. म्या पुसायची रोज." आणि ती तशीच उभी राहिली.

तिच्या मनात धमकी नव्हती, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मी हिशेब केला. ही उद्या चौकीत जाऊन बोलली तर? मी उठलो, डोक्याला फेटा गुंडाळला आणि निघालो. त्या संध्याकाळी मी भीमण्णाला सोडवायला गेलो असं गाव म्हणतं. मी खुर्ची वाचवायला गेलो होतो.

चौकी जुन्या चावडीत होती. अमीनसाहेब साताऱ्याकडचे, उंच, मिशीला तेल लावणारे. त्यांच्या टेबलावर निळ्या काचेचा दिवा होता. तो मी देवडीच्या दिवाणखान्यात पाहिला होता. तो बघून मला आधी धीर आला आणि मग त्या धीराचीच किळस आली. भीमण्णा कोपऱ्यात गुडघ्यांना मिठी मारून बसला होता. तळवे जमिनीला लागू नयेत म्हणून त्यानं पाय टाचांवर धरले होते. पाठीचा सदरा रक्तानं अंगाला चिकटला होता आणि त्यावर माश्या बसत होत्या. तो त्या हाकलतही नव्हता.

मी म्हणालो, साहेब, एक गैरसमज झालाय, सकाळी आम्ही ओढ्यात जे बघितलं त्याबद्दल बोलायला आलोय. भीमण्णानं मान वर केली. मला वाटलं होतं त्याला हायसं वाटेल. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईनं अमीनसाहेबांना म्हणाला:

"साहेब, घेतलंय म्या सोनं. हळ्ळात टाकून दिलंय. लिवून घ्या."

दिवसभर मार खाऊन जो माणूस बोलला नव्हता तो मी तोंड उघडल्यावर कबूल झाला. माणसानं इथे थांबायला हवं होतं. आपण काय मोडायला निघालोय, हे एकदा विचारायला हवं होतं. पण मला मराठी, कानडी, उर्दू तिन्ही येतात, आणि ते साहेबासमोर दाखवायची संधी रोज येत नाही. मी सगळं रंगवून सांगितलं. बंगार म्हणजे काय, कानडीत कोळी म्हणजे काय, मराठीत कोळी म्हणजे काय, आणि आपल्या जवानानं दोहोंचा कसा काला केला. सिद्धलिंगप्पाची ओरडण्याची नक्कलही केली. अमीनसाहेब खुर्चीत मागे रेलून हसले. जवान ओशाळून हसला. मीही हसलो. त्या खोलीत चौघं होतो, त्यातला एक हसत नव्हता.

"मग दाखवा तुमची सोन्याची कोंबडी," अमीनसाहेब डोळे पुसत म्हणाले. "कोंबडी दिसली की माणूस सुटला."

"अण्णा, नगा," भीमण्णा म्हणाला.

एवढंच म्हणाला. मला वाटलं, मार खाऊन याचं डोकं फिरलंय.

दिवस मावळायला तासभर होता. जवान सिद्धलिंगप्पाला दुकानातून उठवून घेऊन आला आणि आम्ही चौघं सकाळच्याच वाटेनं निघालो. निवडुंगाजवळ पाखरू नव्हतं. मग मी म्हणालो, पाण्याच्या बाजूला बघू. भीमण्णाच्या झोपडीमागे करंजीच्या झाडाखाली हातभर जागा झाडून स्वच्छ केलेली होती. तिथे सपाट दगड, दगडावर मूठभर ज्वारी आणि नारळाच्या करवंटीत पाणी. मागे बाभळीच्या काट्यांचं कुंपण रचून आत एक खोपी केली होती, कोल्ह्याचं तोंड जाणार नाही अशी. खोपीत वाळलेलं गवत होतं, त्यावर एक सोनेरी पीस पडलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गाव पाखरं मारत होतं त्या तीन दिवसांत देवडीतून एकच माणूस काहीतरी वाचवून बाहेर पडला होता. चार महिने तो आपल्या ताटातली ज्वारी त्याला घालत होता. आणि आज दिवसभर तो गप्प होता, कारण बंगारद कोळी कोणती हे त्याला ऐकताच कळलं असणार, आणि तोंड उघडलं तर गाव पाखरू खाणार, हे त्याला ठाऊक होतं. आम्हाला तो आमच्यापेक्षा चांगला ओळखत होता.

मी म्हणू शकलो असतो, इथे काही नाही साहेब, चला. जीभ उचललीही होती. पण तोवर पाखरू करंजीमागून बाहेर आलं होतं.

अमीनसाहेबांनी बंदूक आणली होती. ती लागलीच नाही. पावलांचा आवाज ऐकून ते दाण्याच्या आशेनं आलं होतं. जवानानं खाली बसून मोकळी मूठ पुढे केली. ते आलं, मुठीत काही नाही हे बघायला त्यानं मान वाकडी केली आणि जवानानं ती मान धरली. ओला फाटा मोडावा तसा आवाज झाला. केशरी झालर एकदा पूर्ण उलगडली आणि मिटली नाही, तशीच लोंबत राहिली.

सिद्धलिंगप्पानं पाठ फिरवून डोळे मिटून घेतले होते. देवाचं नाव घेऊन झाल्यावर त्यानं डोळे उघडले, जवानाच्या हातात बघितलं आणि अगदी हळू विचारलं, शेपटीची दोन पिसं मिळतील का, दुकानातल्या फोटोला लावायला. त्याला मिळाली.

चौकीत चूल पेटली. अमीनसाहेबांना तीन महिने गावची डाळ खाऊन कंटाळा आला होता, ते खुशीत होते. त्यांनी मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. तुम्हीच तर शिकार दाखवलीत, म्हणाले. पाखरू कुठून आलं, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. पिंजऱ्याचं नाव निघालं नाही. खुर्चीचं तर नाहीच. ज्या गोष्टीला भिऊन मी अख्खा दिवस घरात बसलो, ती गोष्ट कुणाच्या मनातही नव्हती.

मला नाही म्हणता आलं असतं. पोट बिघडलंय म्हणायचं, वैद्याचं पथ्य आहे म्हणायचं. मी मांडी घालून बसलो आणि जेवलो. मांस जरा चिवट होतं. बाकी चव कोंबडीची. रश्श्यात मसाला चांगला पडला होता, हे मला आजही आठवतं, आणि ते आठवतं याची मला आजही लाज वाटते. चुलीशेजारी पिसांचा ढीग पडला होता. धूर लागून सोनेरी पिसं काळवंडत होती आणि घाण वास सुटला होता. त्या वासात आम्ही हाडं चोखत होतो.

भीमण्णाला सोडलं होतं, पण त्याला चालवत नव्हतं म्हणून तो पायरीवर बसला होता. अमीनसाहेब मनानं वाईट नव्हते. ते म्हणाले, अरे, याच्यामुळे तर हे जेवण, यालाही द्या. जवानानं द्रोणात रस्सा आणि एक तुकडा घालून त्याच्या हातात दिला. भीमण्णानं द्रोण दोन्ही हातांनी घेतला. तो खाईल की फेकेल, मी बघत होतो. त्यानं दोन्ही केलं नाही. तो उठला, टाचांवर चालत पायऱ्या उतरला आणि रस्सा सांडू न देता द्रोण घेऊन हळूहळू हळ्ळाच्या वाटेला लागला. पायरीखाली निलम्मा उभी होती, ती त्याच्या मागून निघाली.

घरी गेल्यावर ओकारी येईल असं वाटत होतं. आली असती तर बरं झालं असतं. आली नाही. सगळं पचलं.

दुसऱ्या दिवशी सिद्धलिंगप्पा फिरायला आला नाही. मी एकटाच निघालो. वाटेवर तेच गाव, तेच तांबे, तीच घाण. त्या दिवशी मी नाकाला सोगा लावला नाही. त्या वासात आणि माझ्यात मला काही फरक राहिलाय असं वाटेना.

करंजीखाली भीमण्णा बसला होता. काट्यांची खोपी मोडून त्यानं काटे बाजूला रचले होते. सपाट दगड उचलून दुसरीकडे ठेवला होता, त्याच्या आधीच्या जागी माती नुकतीच ओढलेली होती आणि तिच्यातून द्रोणाची एक कड वर आली होती. मला बघून तो नेहमीसारखा उठायला लागला. मी म्हणालो, बस, बस. मग म्हणालो, सुटलास ना बाबा, मी बोललो म्हणून सुटलास. हे वाक्य मी वाटेत ठरवून आलो होतो. त्यानं मला दुवा द्यावा असं मला वाटत होतं, इतका मी निर्लज्ज होतो.

भीमण्णानं वर आलेली द्रोणाची कड बोटानं मातीत दाबली.

"सोनं सापडंना म्हणून आज-उद्या सोडलंच असतं की मला," तो म्हणाला. "पाठ काय, भरून येती."

त्याच्या आवाजात राग नव्हता. पावसाचं सांगावं तसं त्यानं ते सांगितलं. मग त्यानं मातीत सांडलेले कालचे ज्वारीचे दाणे एकेक करून ओंजळीत गोळा केले आणि टाचांवर तोल सांभाळत उभा राहिला. त्याची झोपडी समोरच होती, तरी जाताना त्यानं माझी परवानगी घेतली.

"येतो, साहेब."

आमच्या भागात अण्णा कुणालाही म्हणतात. ओळखीच्याला, अनोळख्याला, वाटेत पाणी मागणाऱ्यालासुद्धा. भीमण्णाही मला पंधरा वर्षं अण्णा म्हणत आला होता. साहेब तो चौकीतल्या माणसांना म्हणायचा. त्या सकाळनंतर तो आठ वर्षं जगला, वाटेत रोज भेटायचा, रोज उभा राहून कुठे निघालात म्हणून विचारायचा. अण्णा त्यानं मला पुन्हा कधी म्हटलं नाही.